पाण्यावर ठरलेली लांबी: मॉडेल बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी ट्यून्ड पाइप बनवताना

मॉडेल बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा साधा सायलेन्सर काढून तिथे ट्यून्ड पाइप, म्हणजे दोन शंकूंचा, हिशेबाने लांबी ठरवलेला एक्झॉस्ट पाइप लावला, की त्याच इंजिनातून बरीच जास्त ताकद मिळते. मात्र ती ताकद पाइपची लांबी, शंकूंचा उतार आणि शेवटच्या बारीक नळीचा व्यास यांवर पूर्णपणे अवलंबून असते. चुकीच्या मापाचा पाइप साध्या सायलेन्सरपेक्षाही वाईट चालतो. सोलापुरात राहून, इथल्याच लेथवर, असा एक पाइप मी हिशेबापासून वेल्डिंगपर्यंत उभा करून घेतला आणि त्याची लांबी पाण्यावर निश्चित केली. त्या कामातून माझे एक मत पक्के झाले: सूत्रातून येणारी लांबी ही फक्त सुरुवात असते, आणि सूत्रात आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, जो आकडा घालायचा तो इंजिनापेक्षा प्रॉपेलरवर जास्त अवलंबून असतो. म्हणून आधी प्रॉपेलर ठरवावा आणि मगच पाइपला हात घालावा.

माझ्या बोटीत 26 सीसी वर्गातले पेट्रोल इंजिन आहे. सिलिंडरचा व्यास 34 मिमी आणि स्ट्रोक 28 मिमी असल्याने प्रत्यक्ष आकारमान 25.4 सीसी भरते. याच मापाची इंजिने गवत कापण्याच्या ब्रश कटरवर येतात, त्यामुळे पिस्टन, रिंग, गॅस्केट आणि कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम शेती अवजारांच्या दुकानात सहज मिळतो. सोलापूरसारख्या शहरात हा छंद टिकवायचा असेल, तर ही सोय फार महत्त्वाची आहे. सिलिंडरला पाण्याने थंड होणारे जॅकेट बसवलेले असून इंजिनाला क्लच किंवा गिअर नाही. लवचीक शाफ्टने ते थेट 62 मिमीचा, दोन पात्यांचा प्रॉपेलर फिरवते. त्या प्रॉपेलरची पिच, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात तो जेवढा पुढे जाईल ते अंतर, व्यासाच्या 1.4 पट, म्हणजे जवळजवळ 87 मिमी आहे, आणि वेगात असताना त्याचा अर्धा भागच पाण्यात असतो.

टू-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्टचे तोंड आणि ताजे मिश्रण आत येण्याची ट्रान्सफरची तोंडे काही काळ एकाच वेळी उघडी असतात, त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर निसटतो. ट्यून्ड पाइप हे निसटलेले मिश्रण परत आत ढकलतो. एक्झॉस्ट उघडताच दाबाची एक लाट पाइपमध्ये धावते. पसरत्या शंकूतून जाताना तिचा काही भाग ओढ निर्माण करणारी लाट होऊन सिलिंडरकडे परततो आणि जळलेला वायू बाहेर खेचतो, तर पुढच्या मिटत्या शंकूवर आपटून परतणारी दाबाची लाट एक्झॉस्ट बंद होण्याच्या किंचित आधी तोंडाशी पोचून निसटलेले मिश्रण आत लोटते. 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने ही विद्या मोटारसायकलींसाठी पूर्णत्वाला नेली. त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये ही विद्या सोबत घेऊन पश्चिमेकडे निघून गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने सुझुकीसाठी 50 सीसीचे विश्वविजेतेपद मिळवले. आज पाम तेलाच्या डब्याएवढ्या जागेत मावणाऱ्या आपल्या इंजिनालाही तेच भौतिकशास्त्र लागू पडते. फक्त सगळे काही फार कमी वेळात घडते.

किती कमी वेळात, हे कळण्यासाठी पहिले काम होते एक्झॉस्ट किती अंश उघडा राहतो ते मोजण्याचे. 360 अंशांची चकती कागदावर छापून प्लायवूडवर चिकटवली आणि फ्लायव्हीलवर बसवली. पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू नजरेने ठरवला तर दोन-तीन अंशांची चूक सहज होते, कारण तिथे पिस्टन जवळजवळ स्थिर भासतो. म्हणून प्लगच्या भोकात एक बोल्ट अडसर म्हणून घट्ट केला, क्रँक एका दिशेने अडेपर्यंत फिरवला, मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवला, आणि दोन्ही वाचनांचा बरोबर मध्य हा वरचा बिंदू मानला. त्यानंतर बोल्ट काढून, एक्झॉस्टच्या तोंडात पातळ कागदाची पट्टी धरून, ती पिस्टनच्या कडेखालून सुटते तो अंश टिपला. एक्झॉस्ट वरच्या बिंदूनंतर 102 अंशांवर उघडत होता आणि ट्रान्सफर 121 अंशांवर. म्हणजे एक्झॉस्ट एकूण 156 अंश उघडा, ट्रान्सफर 118 अंश, आणि दोन्हींच्या बंद होण्यात 19 अंशांचे अंतर. परतलेल्या लाटेला खरे काम करायला मिळते ते याच 19 अंशांत. 14,000 आरपीएमला हा काळ सेकंदाच्या चार हजाराव्या भागापेक्षाही थोडा कमी भरतो.

लांबीचा हिशेब यानंतर सरळ आहे. एक्झॉस्ट उघडल्यापासून बंद होईपर्यंतच्या काळात लाटेने पिस्टनपासून मिटत्या शंकूपर्यंत जाऊन परत यायचे असते. मिलिमीटरमध्ये लांबी हवी असेल तर अंशांना लाटेच्या वेगाने गुणावे, वेग मीटर प्रति सेकंद घ्यावा, आलेल्या संख्येला 1000 ने गुणून आरपीएमच्या बारा पटीने भागावे. मोटारसायकलवाले लाटेचा वेग साधारण 518 मीटर प्रति सेकंद धरतात. 156 अंश आणि 14,000 आरपीएम घेतले, की लांबी 480 मिमीच्या आसपास येते. ही लांबी पिस्टनच्या पृष्ठभागापासून मिटत्या शंकूच्या मध्यापर्यंतची आहे, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण कोणी ती प्लगपासून मोजतो, कोणी फ्लँजपासून (पाइप सिलिंडरला जिथे जोडतात तिथून), आणि कोणी पाइपच्या सर्वांत जाड भागापर्यंतच मोजतो. दोघांनी आपले आकडे ताडून पाहण्याआधी दोघांची मोजपट्टी कुठून कुठे धरली होती ते विचारावे.

14,000 हा आकडा मी प्रॉपेलरवरून घेतला. साध्या सायलेन्सरवर असताना बोट सरळ रेषेत 12,000 च्या जवळपास जात होती आणि पाइपमुळे त्याच प्रॉपेलरवर दीड-दोन हजारांची वाढ अपेक्षित होती. हेच इंजिन मोकळे फिरवले तर याहून कितीतरी वर जाते; पण मोकळ्या फिरण्याचा आकडा सूत्रात घातला, तर पाइप इतका आखूड येतो की पाण्यात उतरल्यावर इंजिन त्या वेगापर्यंत कधी पोचतच नाही.

बाकीची मापे हेडरच्या, म्हणजे फ्लँजपासून पसरत्या शंकूपर्यंतच्या नळीच्या, व्यासावरून काढली. हेडरचा आतला व्यास एक्झॉस्टच्या तोंडाशी जुळणारा 22 मिमी होता. पसरत्या शंकूचा दोन्ही बाजू मिळून उतार 8 अंश, पोटाचा, म्हणजे दोन शंकूंमधल्या सर्वांत जाड भागाचा, व्यास 50 मिमी, मिटत्या शंकूचा उतार 16 अंश, आणि शेवटच्या नळीचा आतला व्यास हेडरच्या सुमारे सहा दशांश, म्हणजे 13 मिमी, असे ठरवले. त्यावरून पसरता शंकू 200 मिमी लांब आला आणि मिटता 132 मिमी. पिस्टनपासून फ्लँजपर्यंतचे 35 मिमी, हेडरचे 150, पसरत्या शंकूचे 200, पोटाच्या सरळ भागाचे 29 आणि मिटत्या शंकूचे निम्मे 66 मिळून 480 मिमी पूर्ण झाले. हेडर व्यासाच्या सहा ते आठ पट लांब असला की ताकद एकाच आरपीएमला न साचता थोडी पसरते, आणि बोटीला तेच हवे असते. मोटारसायकलला गिअर असतात. बोटीला उभ्या स्थितीतून पाण्यावर उचलून वेगात येईपर्यंत सगळा प्रवास एकाच गिअरमध्ये करावा लागतो.

शंकू पत्र्यावर उलगडून काढण्याचे काम मला अतिशय आवडते. पसरत्या शंकूसाठी 358 मिमी आणि 157.5 मिमी त्रिज्येच्या दोन कमानी, त्यांच्यामध्ये 25 अंशांचा तुकडा. मिटत्यासाठी सुमारे 180 आणि 47 मिमीच्या कमानी, आणि 50 अंशांचा तुकडा. आधी जाड कागदावर कापून, गुंडाळून, व्हर्निअरने दोन्ही तोंडे मोजली आणि मगच तो कागद 22 गेजच्या पत्र्यावर ठेवला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीमध्ये ज्यांचे वर्कशॉप आहे ते अण्णा मुख्यतः टॉवेलच्या मागांचे सुटे भाग बनवतात. यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या माणसाला दशांश मिलिमीटरची किंमत समजावून सांगावी लागत नाही. तरुणपणी त्यांनी यामाहा आरएक्स 100 चे सायलेन्सर कापून पुन्हा जोडलेले आहेत, त्यामुळे आत पडदे नसलेला, नुसता दोन शंकूंचा पाइप पाहून त्यांना नवल वाटले नाही. त्यांनी विचारले ते एवढेच: "मॅडम, लांबी आत्ता फिक्स करायची का नंतर कमी-जास्त करायला जागा पायजे?" या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता. नंतर बदलता येईल अशीच सोय ठेवायची होती. हेडर मुद्दाम 30 मिमी जास्त लांब ठेवला, पाइपच्या तोंडाला सरळ कॉलर जोडली, आणि दोन्ही टोके एकमेकांना भिडवून वरून उष्णता सोसणारी सिलिकॉनची नळी व होज क्लिप लावली. लांबी कमी करायची झाली, की हेडरचे टोक लेथवर कापायचे आणि दोन्ही टोके पुन्हा भिडवायची. नुसती नळी मागेपुढे सरकवूनही लांबी बदलते, पण तेव्हा आत मोकळी खाच राहते, आणि अशा प्रत्येक खाचेवरून लाटेचा थोडा भाग अवेळी परततो.

पत्र्याचा अरुंद भाग गुंडाळणे हेच वेळखाऊ काम ठरले. अण्णांनी शंकूच्या उताराचा एक भरीव लोखंडी गाभा लेथवर काढला आणि पत्रा त्यावर लाकडी हातोडीने थोडा थोडा वळवत नेला. सांधे टिग वेल्डिंगने जोडले, आतून वर आलेला धातू कानशीने सपाट केला, आणि शेवटी तोंडे बंद करून, पाइप पाण्यात बुडवून हवा भरून पाहिली. बुडबुडे दिसले ती जागा पुन्हा भरली. हेडरवर पाण्याचे जॅकेट चढवले. ते नसते तर सिलिकॉनची नळी पहिल्याच फेरीत जळाली असती.

चाचणीसाठी जागा निवडताना सिद्धेश्वर तलावाचा विचारही केला नाही; देवस्थानाच्या पाण्यावर इंजिनाचा आवाज करणे मला मान्य नाही. हिप्परग्याचा एकरुख तलाव विस्ताराने उत्तम आहे, पण पावसाळ्यानंतर तिथे पाणपक्षी येतात आणि आमच्या कामाचे दिवस नेमके तेच होते. दक्षिण सोलापूर तालुक्यात आमच्या नात्यातल्यांच्या शेताला लागून एक पाझर तलाव आहे. ग्रामपंचायतीला विचारून तिथे सकाळची वेळ ठरवली. शेततळी आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाणाऱ्या बोटीला शेततळ्याचा दुसरा काठ अडीच-तीन सेकंदांत येतो, म्हणून तो पर्याय धोक्याचा आहे. रेडिओचा संपर्क तुटताच इंजिन बंद करणारा स्विच बसवलेला होता, आणि बंद पडलेली बोट आणायला मासेमारीचा थर्माकोलचा तराफा काठाला तयार ठेवला होता. बोट माझा धाकटा भाऊ चालवत होता आणि मी मोजमाप पाहत होते.

पाण्यावर धावणाऱ्या इंजिनाचा आरपीएम कसा मोजायचा, हा प्रश्न सुटल्याशिवाय लांबीचा विषय पुढे सरकत नाही. आम्ही तो आवाजावरून मोजला. एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, म्हणून आवाजाची मूळ वारंवारता गुणिले साठ म्हणजेच आरपीएम. 225 हर्ट्झ असेल तर 13,500. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून वारंवारतेचा आलेख दाखवणारे अॅप यासाठी पुरते. मात्र बोट चालत असल्याने डॉप्लर परिणाम त्यात मिसळतो: बोट आपल्याकडे येताना स्वर चढा लागतो आणि दूर जाताना उतरतो. काठाला अगदी समांतर, जवळून जाणाऱ्या सरळ फेरीत येतानाचा आणि जातानाचा आकडा घेतला आणि त्यांची सरासरी काढली, की खरा आकडा पुरेशा अचूकपणे मिळतो. याचा मला अतिशय आनंद वाटला, कारण त्याच दोन आकड्यांतून बोटीचा वेगही निघतो. एका चांगल्या फेरीत येताना 249 आणि जाताना 226 हर्ट्झ मिळाले. दोन्हींतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागून हवेतील ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सकाळच्या 25 अंश सेल्सिअसला 346 मीटर प्रति सेकंदाने गुणले, तर 16.75 मीटर प्रति सेकंद, म्हणजेच ताशी 60 किलोमीटर येतात. सरासरी 237.5 हर्ट्झ, म्हणजे 14,250 आरपीएम. या आरपीएमला 87 मिमी पिचचा प्रॉपेलर अजिबात न घसरता चालला असता तर ताशी सुमारे 74 किलोमीटर झाले असते. म्हणजे घसरण 19 टक्क्यांच्या आसपास, जी अर्ध्या बुडालेल्या प्रॉपेलरला साजेशी आहे. आलेखावर मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेची रेघही ठळक दिसते, कारण दोन पात्यांचा प्रॉपेलरही तीच वारंवारता निर्माण करतो. ती रेघ मूळ समजू नये म्हणून इंजिन मंद चालत असतानाच कोणती रेघ खालची आहे ते ओळखून ठेवावे.

लांबीचा शोध नेहमी लांब बाजूने सुरू करावा. पाइप गरजेपेक्षा लांब असला तर इंजिन थोडे कमी फिरते, एवढेच. तो आखूड असला तर इंजिनाला न झेपणाऱ्या आरपीएमवर ताकद येते, मिश्रण पातळ पडते आणि पिस्टन जळण्याची भीती असते. शिवाय कापलेला हेडर पुन्हा लांब होत नाही. म्हणून आम्ही 500 मिमीपासून आरंभ केला आणि प्रत्येक वेळी काही मिलिमीटर कापत गेलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम कसोशीने पाळला: प्रॉपेलर तोच, तेलाचे प्रमाण तेच, एक लिटर पेट्रोलला 40 मिली, आणि हेडरच्या जॅकेटला पाणी देणारी नळीही त्याच व्यासाची. कार्ब्युरेटरचा हायस्पीड स्क्रू मात्र प्रत्येक कापणीनंतर थोडा उघडून पुन्हा जुळवला, कारण पाइप आखूड होऊन आरपीएम वाढला की इंजिनाला इंधन जास्त लागते, आणि ते न दिल्यास लांबी तपासतो आहोत असे वाटत असताना प्रत्यक्षात मिश्रण तपासले जाते.

500 मिमीला सरळ फेरीत 12,800 च्या आसपास मिळाले आणि बोट उचलताना इंजिन कुठेही अडखळले नाही. सूत्रातल्या 480 वर 13,400 मिळाले. सूत्राने 14,000 सांगितले होते, म्हणजे लाटेचा वेग धरल्यापेक्षा कमी होता, हे तिथेच कळले. 452 मिमीला वर सांगितलेले 14,250 मिळाले, आणि वळणावर आरपीएम खाली येऊन बोट सरळ झाल्यावर इंजिन पुन्हा तत्काळ वर चढत होते. 440 ला सरळ फेरीतला आकडा आणखी थोडा वाढला, पण वळणानंतर आवाज घोगरा होऊन काही क्षण तसाच राहायचा. याचे कारण स्पष्ट आहे: पाइप ज्या पट्ट्यात ताकद देतो त्याच्या खाली आरपीएम गेला, की परतणारी लाट ट्रान्सफर अजून उघडे असतानाच पोचते, जळलेला वायू आत लोटते आणि इंजिन त्या खड्ड्यातून प्रॉपेलरचा भार घेऊन बाहेर येऊ शकत नाही. सरळ रेषेत सर्वांत वेगवान असलेली लांबी पूर्ण फेरीत सर्वांत वेगवान नसते, आणि बोटीला दर फेरीत वळावेच लागते. अण्णांकडून 12 मिमीची एक कडी करवून घेऊन हेडर पुन्हा 452 वर आणला आणि तिथेच थांबलो.

452 मिमी आणि 14,250 आरपीएम सूत्रात उलट घातले, की लाटेचा सरासरी वेग 495 मीटर प्रति सेकंद निघतो. वायूचा ध्वनिवेग त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यावरून पाइपमधील वायूचे सरासरी तापमान 335 ते 340 अंश सेल्सिअस असावे, तर 518 हा वेग सुमारे 395 अंशांना लागू पडतो. हा फरक पाण्याच्या जॅकेटचा आहे. मोटारसायकलचा पाइप वाऱ्यावर थंड होतो, बोटीचा हेडर तलावाच्या पाण्यावर, आणि म्हणून बोटीसाठी रस्त्यावरचा आकडा जसाच्या तसा उचलणे योग्य नाही. जॅकेटचे पाणी चिमट्याने थोडे दाबून पाहिले तेव्हा त्याच 452 मिमीला आरपीएम किंचित वाढला, म्हणजे वायू तापला आणि पाइप आखूड असल्यासारखा वागू लागला. मे महिन्यातल्या कोमट पाण्यावरही थोड्या प्रमाणात हेच होणार, हे लक्षात घेऊन 5 मिमीची दुसरी कडी मी उन्हाळ्यासाठी तयार ठेवली आहे.

शेवटच्या बारीक नळीबाबत मी सावध बाजूने गेले. ती अरुंद केली की पाइपमधला दाब वाढतो आणि ताकद काही मर्यादेपर्यंत वाढते, पण त्यासोबत पिस्टनचे तापमानही वाढते, आणि ते काठावरून दिसत नाही. म्हणून प्रथम 14 मिमीची नळी लावली, प्लगचा रंग पाहिला, आणि मगच आत बाही सरकवून 13 मिमी केले. दोन्ही वेळा प्लगच्या चिनी मातीवर दुधाच्या कॉफीसारखा रंग होता. 12.5 मिमीला तो फिकट राखाडीकडे झुकला, आणि आरपीएममध्ये उल्लेखनीय वाढही नव्हती, तेव्हा 13 कायम ठेवले.

आता 58 मिमीच्या लहान प्रॉपेलरसाठी दुसरा पाइप करायचा आहे. त्यावर इंजिन 15,500 च्या वर जाईल अशी अपेक्षा आहे, म्हणून हिशेब 16,000 ला केला आणि वेग 518 ऐवजी 495 धरला. लांबी 402 मिमी आली आहे. उतार तेच ठेवून हेडर 132 आणि पसरता शंकू 150 मिमी धरला, की पोटाचा व्यास 43 मिमी होतो आणि मिटता शंकूही त्या प्रमाणात लहान होतो. हेडर मात्र या वेळीही 30 मिमी जास्तच कापायला सांगितला आहे.